खांद्याची कंडरा आणि नळीतला पिवळा थर

सेंट्रिफ्यूज थांबलं की नळीच्या तळाशी लाल पेशी बसलेल्या असतात, वर फिकट पिवळा प्लाझ्मा, आणि दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचा सायीसारखा पांढुरका पापुद्रा. जरा धक्का लागला तरी तो विस्कटतो. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून मी तो जपतच नोकरी केली. पूर्वी प्लेटलेट मागायला यायचे ते डेंग्यूच्या नाहीतर कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक. आता त्याच प्लेटलेट ‘पीआरपी’ (प्लेटलेट भरपूर असलेला प्लाझ्मा) म्हणून पेशंटच्या स्वतःच्या दुखऱ्या खांद्यात टोचतात.

रक्त गोठवण्यातलं त्यांचं काम १८८२ साली तुरीनच्या जूलिओ बिझ्झोझेरोने दाखवलं. जखम भरण्याशी त्यांचा संबंध मात्र फार उशिरा उलगडला. १९७४ साली सिअ‍ॅटलमध्ये रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या रोहिणीतल्या पेशी वाढवून पाहिल्या. गोठलेल्या रक्ताच्या सीरममध्ये त्या भराभर वाढल्या. प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या प्लाझ्माच्या सीरममध्ये वाढ जेमतेम झाली. १९८६ साली मिनेसोटात डेव्हिड नाइटन यांनी प्लेटलेटमधून निघणारे घटक महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवर वापरले, १९९८ मध्ये मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात पीआरपी घातलं, आणि २००६ पर्यंत ते कोपराच्या कंडरेपर्यंत पोचलं. २००९ मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू हाइन्स वॉर्ड गुडघ्यात पीआरपी घेऊन सुपर बोल खेळला आणि मग मागणीला धरबंध राहिला नाही.

खांद्यावर ते का आलं, हे सहज समजतं. हात वर उचलणारी सुप्रास्पायनेटसची कंडरा हाडाला जिथे चिकटते, तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. जिथे रक्त पोचत नाही तिथे रक्तातलं बळ सुईने पोचवायचं, हा विचार कुणालाही पटावा असाच आहे.

पण याच कंडरेच्या दुरुस्तीची शस्त्रक्रिया १९११ साली ज्यांनी प्रसिद्ध केली, ते बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन पटण्यावर थांबणारे नव्हते. प्रत्येक पेशंटला वर्षभराने परत बोलवा, गुण आला की नाही ते लिहा, नसेल तर का ते शोधा, हा त्यांचा आग्रह. आपल्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ मध्ये घरी गेलेल्या ३३७ पेशंटांमागे स्वतःच्या १२३ चुका त्यांनी छापून टाकल्या. या आग्रहापायी त्यांनी मित्र गमावले. माझ्या लेखी खांद्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस हाच.

कॉडमनना हवी तशी परीक्षा खांद्यातल्या पीआरपीची झाली, ती अंकारात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जुनाट कंडरादुखीचे ४० पेशंट होते. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन, व्यायाम मात्र सगळ्यांना. वर्षअखेर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पुढच्या काही चाचण्यांचे निकाल पीआरपीच्या बाजूनेही लागले. पण त्यांची तुलना अवघड: एकाच्या नळीत पांढऱ्या पेशी भरपूर, दुसऱ्याच्या गाळलेल्या. निरोगी रक्तात मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पीआरपीत ही संख्या कुणी दुप्पट करतं, कुणी पाचपट, आणि नाव सगळ्याला एकच. सिरिंजवर हा आकडा लिहिलेला मी क्वचितच पाहिला. तो लिहिलाच पाहिजे, आणि वर्षभराने त्या खांद्याचं काय झालं तेही त्याच कागदावर आलं पाहिजे.

खांद्यासाठी रक्त द्यायला कुणी आलं, की मी आधी विचारते, व्यायाम चालू आहे ना? अंकारात तो दोन्ही गटांनी केला होता.