जीपगाडीचे आस

एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणारा आणि गाडीचा भार चाकांवर पेलणारा भाग म्हणजे आस. व्यवहारात यास अ‍ॅक्सल म्हणतात. जीपसारख्या चारही चाके चालविणाऱ्या लहान गाडीत पुढील व मागील असे दोन चालक आस असतात. प्रत्येक आसात शक्तीची दिशा काटकोनात बदलणारी क्राऊन व पिनियन ही दंतचक्रांची जोडी, वळणावर दोन चाकांना भिन्न वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल, दोन आसदांडे आणि या सर्वांना सामावणारे पोलादी आवरण असते. डोंगराळ मुलखात आसदांडा तुटल्यास गाडी जागीच अडकते व काही रचनांत चाकही गाडीपासून सुटते. म्हणून जुन्या जीपगाडीसाठी बदली आस निवडताना केवळ सोय पाहून चालत नाही. मूळ आस कोणत्या भारासाठी योजिला होता, हे आधी समजून घ्यावे लागते.

इतिहास : जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने टेहळणीसाठी चारचाकी चालनाच्या हलक्या गाडीची मागणी केली. गाडीचे वजन सु. ५९० किग्रॅ. पेक्षा अधिक नसावे आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मिळावा, अशा अटी होत्या. नवे आस घडविण्यास एवढा अवधी पुरेसा नव्हता. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील अमेरिकन बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी गाडीचा आराखडा केला. तीत ओहायओतील टोलीडो येथील स्पायसर कंपनीचे, स्टूडबेकर चँपियन या प्रवासी मोटारीच्या आसांत फेरफार करून सिद्ध केलेले आस बसविण्यात आले. २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना मेरिलंडमधील होलाबर्ड छावणीत दाखल झाला. वजनाची अट कोणालाच पाळता आली नाही व सैन्याला ती शिथिल करावी लागली. अशा प्रकारे, सपाट रस्त्यावरील लहान मोटारीसाठी निर्मिलेल्या आसाच्या वंशातूनच जीपचा आस जन्मास आला.

१९४१–४५ या काळात विलिस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. पुढे डेना या नावाने प्रसिद्ध झालेल्या मालिकेतील २५ क्रमांकाचा आस त्यांच्या पुढील बाजूस व २३ क्रमांकाचा मागील बाजूस असे. क्राऊनला ३९ व पिनियनला ८ दाते असल्याने गुणोत्तर सु. ४·८८ पडे. मागील आस पूर्ण तरंगता होता. म्हणजे चाकाचा तुंबा आवरणाच्या टोकावरील दोन बेअरिंगांवर फिरे आणि आसदांड्यावर गाडीचा भार न येता केवळ पीळ येई. दांडा तुटला तरी चाक जागेवर राही आणि तुटलेला भाग बाहेर काढून पुढील आसाच्या बळावर गाडी हलविता येई. रणभूमीवर हा गुण मोलाचा ठरला.

युद्धोत्तर बदल : १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे–२ए ही गाडी निघाली. नांगर ओढता यावा म्हणून तिच्या क्राऊनला ४३ दाते देऊन गुणोत्तर ५·३८ करण्यात आले. गिअरपेटी व ट्रान्सफर केस यांची गुणोत्तरेही वाढविण्यात आली. परिणामी सर्वांत मंद गतीत एंजिनाचा पीळ युद्धकालीन गाडीत सु. २५·६ पट होई, तो येथे सु. ३६·६ पट होऊ लागला. याच गाडीच्या उत्पादनकाळात पूर्ण तरंगत्या मागील आसाची जागा अर्धतरंगत्या आसाने घेतली. या प्रकारात चाक दांड्याच्याच टोकास जोडलेले असल्याने भार व पीळ दोन्ही दांड्यावर येतात. रचना स्वस्त व सुटसुटीत झाली. मात्र दांडा तुटल्यास चाक सुटण्याची शक्यता निर्माण झाली.

त्यानंतरच्या सीजे गाड्यांत मागे डेना ४४ हा अधिक भक्कम आस आला. १९७६ पासून सीजे–५ व सीजे–७ यांना एएमसी २० हा आस देण्यात आला. याचे क्राऊनचक्र सु. २२·५ सेंमी. व्यासाचे म्हणजे डेना ४४ च्या सु. २१·६ सेंमी. चक्रापेक्षा मोठे होते. तथापि तुंबा दांड्याच्या निमुळत्या टोकावर चावीने बसविलेला असे. तो सैल पडला की चावी कापली जाऊन दांडा तुंब्यात नुसता फिरे. पुढे अनेकांनी दांडा व कडा अखंड असलेला संच बसवून हा दोष दूर केला. मोठे चक्र म्हणजे बळकट आस असे समीकरण मांडता येत नाही, हे यावरून दिसते. आसाची ताकद त्याच्या सर्वांत दुबळ्या सांध्याइतकीच असते.

निवडीची तत्त्वे : चाकाचा व्यास वाढला की दांड्यावरील पीळही वाढतो, म्हणून मोठे टायर हेच आस बदलण्याचे सर्वसामान्य कारण असते. पुढील व मागील आसांचे गुणोत्तर सारखे हवे. अन्यथा चारही चाके चालविताना कठीण रस्त्यावर पारेषणात ताण साठतो. आसाची रुंदी, पाट्यांमधील अंतर आणि चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ जुळावे लागते. युद्धकालीन जीपमध्ये डिफरन्शियल मध्याच्या उजवीकडे असल्याने मध्यवर्ती डिफरन्शियलचा आस बसविल्यास चालकदंड तिरपा राहून सांधे झिजतात. आवरण जितके मोठे, तितके ते खडकाच्या जवळ येते.

१९९० नंतरच्या काळात अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोअरर गाडीचा मागील आस लोकप्रिय बदली आस ठरला. १९९५ पासूनच्या या आसास डिस्क ब्रेक व जाड दांडे मिळतात आणि त्याचे ११४·३ मिमी. बोल्टवर्तुळ त्या काळातील रँग्लर जीपशी जुळते. सीजेचे मात्र १३९·७ मिमी. असते. यातील दांडे आतील बाजूस एका लहान कडीने अडकविलेले असल्याने दांडा तुटल्यावर चाक बाहेर सरकू शकते. म्हणजे अधिक ताकद मिळाली, तरी १९४१ च्या आसाची सुरक्षितता मिळतेच असे नाही.

भारतात महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये मुंबईतील माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली व पुढे सीजे–३बी वर आधारित गाड्या अनेक दशके बनविल्या. अशा गाडीच्या जीर्णोद्धारात मूळ बनावटीचा सुस्थितीतील आस बहुधा पुरेसा ठरतो. एंजिन, टायर किंवा भार वाढविला असेल, तरच भक्कम आसाची गरज भासते. आणि तेव्हा दांडा किती जाड आहे याबरोबरच तो तुटल्यास चाक कशाच्या आधाराने राहील, हेही तपासावे लागते.