वळिवडे

वळिवडे : कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातील गाव व कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील स्थानक. ते कोल्हापूरच्या पूर्वेस आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील पोलिश निर्वासितांच्या छावणीमुळे प्रसिद्ध.

सोव्हिएट संघाने 1940–41 मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सायबीरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. 1941 च्या सिकोर्स्की–माइस्की करारानंतर सुटलेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात आले. त्यांच्यासाठी 1943 मध्ये येथे छावणी उभी राहिली. तिच्यात सुमारे 5,000 लोक होते. कर्ते पुरुष बहुतेक जनरल अँडर्स यांच्या सैन्यात असल्याने स्त्रिया व मुलेच अधिक. खर्च लंडनस्थित पोलिश सरकार करी. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, बालवीर पथके व नाट्यप्रयोग असे पुरे गावच येथे वसले. नवानगरच्या जामसाहेबांच्या आश्रयाने बालाचडीच्या छावणीत वाढलेली पोलिश मुलेही ती छावणी 1946 मध्ये बंद झाल्यावर बहुतांशी येथेच आली. युद्धानंतर सीमा बदलून अनेकांची घरे सोव्हिएट हद्दीत गेली, त्यामुळे 1947–48 मध्ये पुष्कळजण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत स्थायिक झाले. छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले व गांधीनगर वाढले. मूळ बराकींचे आज फारसे काही उरलेले नाही.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. वळिवड्यातील स्तंभाचे अनावरण सप्टेंबर 2019 मध्ये झाले. तेथेच संग्रहालयही उभारण्याचे ठरले. हे संग्रहालय केवळ दालनांचे नसावे. जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू नरसंहाराच्या स्मारकात 2005 मध्ये खुल्या झालेल्या मोशे साफ्दी यांच्या वास्तूत डोंगर भेदून जाणारी काँक्रीटची त्रिकोणी वाटच प्रेक्षकाला इतिहासातून नेते. वळिवड्याचे निर्वासित हे ज्यू नरसंहाराचे बळी नव्हेत आणि येथे तेवढा पैसाही नाही. परंतु मूळ मापाची एक बराक, तिच्यातील खोली व व्हरांड्यासह पुन्हा उभी केली, तर ही कुटुंबे कशी राहिली हे छायाचित्रांपेक्षा नेमके कळेल. सिंधी वसाहतीचा काळही त्याच छताखाली दाखवला पाहिजे, कारण एकाच जमिनीने दोन देशोधडीस लागलेल्या समाजांना आसरा दिला. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली.



परिसरात ऊस हे मुख्य पीक. गांधीनगरची घाऊक कापडपेठ मोठी आहे.