साथरोग आणि घरातील हिंसाचार : घटलेल्या आकड्यांचा अर्थ

साथरोगाच्या काळात स्त्रिया व मुलांवरील अत्याचार वाढतात की घटतात, या प्रश्नाला सरकारी आकडे दोन परस्परविरोधी उत्तरे देतात. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०१९ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या २,९६० तक्रारी आल्या होत्या. २०२० या कोरोनाच्या वर्षी त्या ५,२९७ झाल्या. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार त्याच काळात देशात महिलांविरुद्धचे नोंदले गेलेले गुन्हे ४,०५,३२६ वरून ३,७१,५०३ पर्यंत खाली आले. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांतही सुमारे १३ टक्के घट दिसली. २०२१ मध्ये निर्बंध सैल होताच हे दोन्ही आकडे अनुक्रमे ४,२८,२७८ आणि १,४९,४०४ वर गेले.

या विसंगतीचे उत्तर तक्रारीच्या वाटेत आहे. आयोगाकडे घरातूनच लिहिता येत होते. १० एप्रिल २०२० पासून व्हॉट्सअ‍ॅपची सोयही झाली. पोलीस ठाण्यात मात्र उंबरठा ओलांडूनच जावे लागते. टाळेबंदीत तो उंबरठाच बंद झाला. घटलेला आकडा हा शांततेचा पुरावा नव्हे. तो बंद दाराचा पुरावा आहे.

कोकणातील चित्र

रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य घरांचा चरितार्थ मुंबईतील चाकरमान्यांवर चालतो. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, मुंबईतील रोजगार थांबला आणि मे महिन्यात चाकरमानी मोठ्या संख्येने गावी परतले. गेलेली मिळकत, संसर्गाची धास्ती आणि चोवीस तासांचा सहवास यांचा ताण घराघरांवर आला. सासरी छळ होणाऱ्या स्त्रीचा पहिला आधार असतो माहेर. एसटी बंद आणि जिल्ह्याबाहेर जायला परवाना, अशा स्थितीत तो आधारही तुटला.

त्यातच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांना झोडपले. घरांची छपरे उडाली. अनेक गावांत वीज आणि दूरध्वनी सेवा बराच काळ खंडित राहिली. मदतवाहिनीचा क्रमांक पाठ असूनही ज्या घरात फोनच लागत नाही, तेथील स्त्री कोणत्याच आकडेवारीत दिसत नाही.

तथापि, हिंसाचार विषाणूने आणला असे मानणे चूक ठरेल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसाचार सोसल्याचे सांगितले. राज्यातील ही पाहणी २०१९ मध्ये, म्हणजे कोरोनापूर्वी झाली होती. हिंसाचार सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात अवघे १४ टक्के आहे. साथीने या जुन्या दुखण्याला कुलूप लावले, इतकेच.

मुलांची कोंडी

मूल स्वतः ठाण्यात जात नाही. त्याच्या अंगावरचा वळ किंवा वागण्यातील बदल शिक्षिका, अंगणवाडी सेविका यांच्या नजरेस येतो. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत बहुतांशी बंद राहिले आणि ही नजरच हरपली. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ च्या इबोला साथीत शाळा बंद राहिल्या, तेव्हा अल्पवयीन मुलींमधील गर्भधारणेचा प्रश्न गंभीर झाला होता.

इतिहासाचा धडा

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या. स्त्रियांच्या अवमानावरून क्षोभ उसळला आणि २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. बाहेरून आत येणाऱ्या अत्याचाराची दखल समाजाने तत्काळ घेतली. घरातल्यांकडूनच होणाऱ्या छळासाठी मात्र कलम ४९८-अ येण्यास १९८३ उजाडले आणि घरगुती हिंसाचारविरोधी स्वतंत्र कायदा २००५ मध्ये झाला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे.

पुढील साथीपूर्वी

साथीतही काही दारे उघडी असतात. स्पेनच्या कॅनरी बेटांत मार्च २०२० मध्ये पीडित स्त्रीने औषध दुकानात ‘मास्क १९’ हे सांकेतिक शब्द उच्चारले, की दुकानदार पोलिसांना कळवी. आपल्याकडे औषध दुकान, रास्त भाव धान्य दुकान आणि आशा सेविका ही अशीच उघडी दारे होती. सप्टेंबर २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघरी पोहोचली. त्यांनी ताप आणि प्राणवायूची पातळी मोजली. घरातील भीती ओळखण्याचे आणि एकांतात विचारपूस करण्याचे प्रशिक्षणही अशा पथकांना देता येईल.

शेजाऱ्यांनाही कायद्याने वाट दिली आहे. २००५ च्या कायद्यानुसार हिंसाचाराची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दायित्व येत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाबाबत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती देणे बंधनकारकच केले आहे. महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत. पीडितेला स्वतः फोन करणे शक्य नसेल, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज ऐकणाऱ्याने तो करायला हवा.