एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार. वाहिन्यांनी दिवसभर पट्टी चालवली: मायक्रोसॉफ्ट कोसळले. कोसळले ते विंडोजचे संगणक, पण त्यांना पाडणारी वस्तू मायक्रोसॉफ्टची नव्हती, आणि चूक त्या सकाळची तर मुळीच नव्हती. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

२८ फेब्रुवारी २०२४ : १४२ दिवस आधी

टेक्सासमधल्या ऑस्टिनची क्राउडस्ट्राइक ही कंपनी मोठमोठ्या कार्यालयांच्या संगणकांवर ‘फाल्कन’ नावाचा पहारेकरी बसवते. या पहारेकऱ्याच्या प्रोग्रामला ती ‘सेन्सर’ म्हणते. त्या दिवशी सेन्सरची ७.११ ही आवृत्ती बाहेर पडली. हल्लेखोर विंडोजमधल्या ‘नेम्ड पाइप’ वापरून चोरवाटेने बोलतात, ते पकडण्याची सोय त्यात नव्याने केली होती.

त्यासाठी दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. एक व्याख्या, म्हणजे तपासणीसाठी कोणकोणती माहिती लागेल त्याची यादी. तिच्यात रकाने होते २१. दुसरा, ती माहिती प्रत्यक्ष पुरवणारा कोड. तो पुरवत होता २०. दोन्ही एकत्र कंपाइल झाले आणि कंपायलरने चकार शब्द काढला नाही.

इथे थोडे थांबतो, कारण पुढचा सगळा दिवस याच जागेतून निघाला आहे.

असा न जुळणारा करार इतरत्रही भेटतो. लिनक्सवर ज्याने एकदा तरी मोठा प्रोग्राम कंपाइल केला आहे, त्याला प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरची एक इशारावजा ओळ पाठ असते: अमक्या लायब्ररीला लिबएसएसएलची १.०.० आवृत्ती हवी आहे आणि ती इथल्या १.१ शी भांडू शकते. आपला प्रोग्राम नव्या आवृत्तीवर बांधलेला, त्याला लागणारी तिसऱ्याची लायब्ररी मात्र जुन्या आवृत्तीवर. ही एरर नसते, नुसती वॉर्निंग असते, त्यामुळे बहुतेक जण ती वाचून पुढे जातात. बिल्ड होतो, प्रोग्राम सुरूही होतो. मग कधीतरी एक फंक्शन असे बोलावले जाते की ज्याची मेमरीतली मांडणी दोन आवृत्त्यांत वेगळी आहे, आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ दाखवून प्रोग्राम पडतो. तो पडतो तिथे चूक सापडत नाही, कारण ती बिल्डच्या वेळची असते.

यावर उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवून कोण कुठली फाइल उचलतो आहे ते पाहायचे. सगळे तुकडे एकाच आवृत्तीवर पुन्हा बांधायचे. लायब्ररी आपली असेल तर बाहेरून दिसणारी मांडणी बदलताच फाइलच्या नावातला आकडा बदलायचा, .एसओ.१ ची .एसओ.२ करायची, म्हणजे जुना प्रोग्राम चुकून नव्या फाइलला हात लावत नाही. या आकड्याच्या शिस्तीमागे एकच अट आहे: दोघांत जे ठरले आहे ते कुठेतरी लिहिलेले असावे, आणि ते जुळते की नाही हे यंत्राने तपासावे, माणसाने नव्हे.

७.११ मध्ये ठरले होते २१ रकान्यांचे. कोड देत होता २०. आणि तपासायला कोणी नव्हते.

५ मार्च

नव्या सोयीची ताण-चाचणी झाली आणि ती उत्तीर्ण झाली. त्याच दिवशी पहिला नियम जगभर गेला. हे नियम ‘चॅनल फाइल २९१’ या फाइलमधून जातात. सेन्सर तोच राहतो, त्याने काय शोधायचे ते ही फाइल सांगते.

चाचणी खोटी नव्हती. पण एकविसाव्या रकान्यात प्रत्येक वेळी ‘काहीही चालेल’ अशी खूण भरलेली होती. आमंत्रणे एकवीस, मांडलेली पाने वीस, आणि एकविसावा पाहुणा दर वेळी म्हणतो, माझे वाढू नका. पंगत सुरळीत उठते आणि पाने मोजायचे कोणाला सुचत नाही.

८ ते २४ एप्रिल

आणखी तीन नियम गेले. काही झाले नाही.

१९ जुलै, पहाटे साडेतीनच्या सुमारास

मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेत, अमेरिकेच्या मध्य भागातल्या केंद्रात, वेगळाच बिघाड सुरू झाला. पुढच्या घटनेशी याचा संबंध नाही. पण हे घडले नसते तर दिवसभर दोष भलत्याच्या माथी मारणे एवढे सोपे गेले नसते.

सकाळी ९:३९

ऑस्टिनमध्ये गुरुवारची रात्र, ११ वाजून ९ मिनिटे. सिडनीत शुक्रवारची भर दुपार. मुंबई-पुण्यात लोक नुकतेच कामाला बसत होते. चॅनल फाइल २९१ मध्ये आणखी दोन नियम निघाले. ते पाठवण्याआधी तपासणारा एक ‘व्हॅलिडेटर’ होता. त्याचीही समजूत अशी की रकाने २१ आहेत आणि २१ पुरवले जातात. त्याने दोन्ही नियम पास केले. यांपैकी एका नियमाला एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच खरीखुरी किंमत जुळवून पाहायची होती.

मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळी वाटते. सावध ग्राहक मुद्दाम एक-दोन आवृत्त्या मागे राहत. क्राउडस्ट्राइक तशी मुभाही देत असे: नवा सेन्सर लगेच घेऊ नका, आधी इतरांकडे चालू द्या. पण ही मुभा सेन्सरपुरती होती. नियमांची फाइल सगळ्यांना, सगळीकडे, एकाच वेळी जायची. ज्यांनी आवृत्त्यांची शिस्त पाळली त्यांच्याही दारात ती त्याच मिनिटाला येऊन उभी राहिली. ७.११ किंवा पुढचा सेन्सर आणि विंडोज, एवढे असले की झाले. मॅक आणि लिनक्सवाले यातून सुटले.

त्यानंतरची मिनिटे

नवा नियम वाचून सेन्सरने एकविसावी किंमत मागितली. यादी वीसवर संपलेली. त्याने यादीच्या पलीकडच्या मेमरीत हात घातला. मर्यादा ओलांडली का, हे पाहणारी एक ओळ तिथे असायला हवी होती. ती नव्हती.

साधा प्रोग्राम असता तर तो एकटा पडला असता. पण हा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो, आणि तिथे चुकीच्या जागी वाचले की अख्खा संगणक थांबतो. निळा पडदा, खाली ‘सीएसएजंट.सिस’ हे नाव. संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, हा ड्रायव्हर अगदी सुरुवातीलाच चढतो, तीच फाइल वाचतो, पुन्हा निळा पडदा.

सकाळी १०:५७

कंपनीने चुकीची फाइल मागे घेतली. ७८ मिनिटे लागली. अशा घटनांच्या मानाने हा वेग चांगलाच म्हणायचा. पण दुरुस्त फाइल घ्यायला संगणक नेटवर पोहोचायला हवा, आणि हे संगणक नेटवर पोहोचण्याआधीच पडत होते.

११ वाजल्यापासून पुढे

इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस यांची बुकिंग आणि चेक-इन रखडली. अकासाने प्रवाशांना कळवले की विमानतळांवर सगळे हाताने चालले आहे. बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले जाऊ लागले. दिल्लीला विमानांच्या वेळा पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिल्या. दिवसअखेर एकट्या इंडिगोने दोनशेच्या आसपास उड्डाणे रद्द केली. मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजार नेहमीसारखे चालू राहिले. रिझर्व्ह बँकेने सांगितले की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. देशातल्या थोड्याच बँका तेव्हा क्राउडस्ट्राइकचे हे साधन वापरत होत्या.

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारसारख्या तालुक्याच्या गावातून या दिवसाकडे पाहिले की चित्र उलटे दिसते. या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. इथला संगणकाशी संबंध मुख्यतः बँकेतला आणि तहसील कचेरीतला. स्टेट बँकेच्या अध्यक्षांनी आपल्याकडे काही बिघडले नसल्याचे सांगितले, आणि केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सरकारी ‘एनआयसी’चे जाळे सुरक्षित असल्याचे जाहीर केले. महागडा पहारेकरी ज्यांना परवडत होता त्यांचेच दरवाजे बंद झाले. याचा अर्थ पहारेकरी नको असा काढू नये, पण त्या दुपारी हा विचार अनेकांच्या मनात येऊन गेला असणार.

दुपारी ३:१५

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी समाजमाध्यमावर लिहिले: हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे, उपाय पाठवला आहे. जाणकारांना लगेच जुनी गोष्ट आठवली. एप्रिल २०१० मध्ये मॅकअफीच्या अँटिव्हायरसने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून काढून टाकली होती आणि जगभरचे संगणक बंद पडले होते. तेव्हा मॅकअफीचे तंत्रज्ञानप्रमुख हेच कर्ट्झ होते.

संध्याकाळ

उपाय कळला होता आणि तो पाच मिनिटांचा होता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करा, ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जा, ‘सी-०००००२९१’ ने सुरू होणारी फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. अडचण अशी की हे प्रत्येक संगणकापाशी जाऊन, हाताने करायचे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाकायची, आणि ती किल्ली ज्या सर्व्हरवर ठेवली आहे तोही निळा पडदा दाखवत असेल तर बसून राहायचे. अझूरवरच्या आभासी संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता की पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा. काहींना १५ वेळा करावे लागले. पडण्याआधीच्या क्षणात दुरुस्त फाइल उतरली तर सुटका. एवढ्या शास्त्रशुद्ध धंद्यात शेवटचा इलाज बंद करून चालू करण्याचाच निघाला.

२० जुलै, पहाटे ३

नागरी उड्डाणमंत्री राम मोहन नायडू यांच्या सांगण्यानुसार विमानतळांवरच्या यंत्रणा पूर्ववत झाल्या. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: जगभरात सुमारे ८५ लाख संगणक. विंडोजच्या एकूण संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी.

२५ जुलै ते ६ ऑगस्ट

२५ जुलैला ती राहून गेलेली ओळ, यादीच्या मर्यादेची तपासणी, घातली गेली. २७ जुलैला कंपनीच्या कंपायलरमध्ये बदल झाला: व्याख्येतले रकाने आणि पुरवले जाणारे रकाने यांची संख्या आता बिल्डच्या वेळीच पडताळली जाते. ६ ऑगस्टला मूळ कारणांचा अहवाल आला. नियमांची फाइलही आता टप्प्याटप्प्याने पाठवू आणि ती कधी घ्यायची ते ग्राहकाला ठरवू देऊ, हे त्यात आहे. निष्कर्षांच्या यादीत पहिला मात्र रकान्यांचाच आहे: संख्या कंपाइल करताना तपासली गेली नव्हती.