मुळामुठेची खुद्री

हैदराबादच्या पुष्कळ घरांत २००४ सालापासून कृष्णेचे पाणी येते. नागार्जुनसागरच्या जलाशयातून ते उचलतात, शंभर किलोमीटरहून लांबून नळांतून आणतात, आणि आपण पहाटे मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. या पाण्याची कुळकथा निदान आपण मराठी माणसांनी ठाऊक करून घ्यावी अशी आहे. पुण्याच्या संगमावर मुळा आणि मुठा एक होतात. ती मुळामुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा उजनीत थांबते, पंढरपुरात चंद्रभागा होते आणि पुढे रायचूरजवळ कृष्णेत जाते. कृष्णा श्रीशैलमवरून नागार्जुनसागरला येते. म्हणजे पावसाळ्यात उजनी भरून वाहू लागली की विठोबाच्या पायरीवरून आलेले चार थेंब आपल्याही हंड्यात पडत असणार. आमच्या आजीला हे कळले असते तर तिने नळालाच हळदकुंकू वाहिले असते.

याच पाण्यातल्या एका माशाची ही हकिकत. गणपतीच्या स्मरणिकेत मासा कशाला, असे कोणी विचारील. पण दशावतारांत पहिला मान माशाचाच आहे, आणि या माशाने तर आपल्या भाषेतला एक शब्द जगभर नेला आहे.

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडून सहाच वर्षे झाली होती, तेव्हा १८२४ साली त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, बाजारभाव, वतने यांच्या नोंदी करता करता तो पक्षी, प्राणी आणि मासेही टिपत गेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध पुढे लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने छापला. त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत. आम्हाला त्यात सगळ्यांत मोलाचे वाटते ते हे, की नव्या जातींना नावे देताना तो सरसकट ग्रीक-लॅटिनच्या मागे लागला नाही. नदीकाठच्या माणसांनी सांगितलेली मराठी नावेच, त्याच्या इंग्रजी कानांना जशी ऐकू आली तशी, त्याने शास्त्राच्या वहीत चढवली. खुद्री, मुसळा, पोटील, कोळस, मुळ्या, गुंगवारी. रोहटी या नावाची तर त्याने आख्खी प्रजातीच केली. ही नावे आजही जगातल्या कुठल्याही संग्रहालयात बरणीवरच्या चिठ्ठीवर दिसतात. ज्या कोणा भोयाने किंवा कोळ्याने साइक्सला ती सांगितली त्याचे नाव मात्र कुठेच नाही.

यातली खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. मोठे खवले, जाड ओठ, निळसर झाक असलेले पर. हा मासा साइक्सला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेला, मुळामुठेच्या पात्रात. नावाची नोंद १८३९ ची. तेव्हापासून शास्त्राच्या हिशेबी खुद्रीचे गाव पुणे.

महासीर हा वाहत्या पाण्याचा मासा. पावसाळ्यात नदी फुगली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. त्याला खोल डोहही लागतो आणि उथळ खळाळही लागतो, आणि मुख्य म्हणजे एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट मोकळी लागते. मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. नंतर वर पानशेत आले, खाली शहराचे सांडपाणी आले. साइक्सने ज्या ठिकाणी मासा पाहिला तिथे आज नदीकडे नाक धरून पाहावे लागते. पुणेकरांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. मुशीच्या काठी राहणाऱ्याने तो देऊही नये.

आपल्या लोकांनी महासीर राखला तो देवाच्या नावाने. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना कोणी हात लावत नसे. महाडजवळ वाळण कोंडाला वरदायिनीच्या डोहात, वाड्याजवळ तिळसेश्वराच्या देवळापाशी वैतरणेत, लोक माशांना कुरमुरे घालतात आणि हात जोडतात. साहेबाची तऱ्हा निराळी. त्याला तो मासा गळाला लागून हिसके देताना हवा होता. दक्षिण कानड्याचा कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड पुस्तक लिहिले आणि महासीराला विलायतेतल्या सामन माशाच्या वर नेऊन बसवले. पिसे आणि रेशीम गळाला गुंडाळून खोटी माशी करायची, ती पाण्यावर नाचवायची आणि तिने मासा फसवायचा, हा त्यांचा शौक. कावेरीवर मात्र माशीपेक्षा नाचणीच्या पिठाचा गोळाच अधिक चाले. तिथला कुबडाचा महासीर साऱ्यांत मोठा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा धरला होता, म्हणजे चौपन्न किलो. आपल्याकडे चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा भरेल एवढा.

आता लोणावळ्याकडे वळू. टाटांच्या वीज कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे तलाव बांधले आणि घाटमाथ्याचे पाणी खोपोलीला उतरवून वीज केली. साठ वर्षांनंतर त्याच कंपनीने वळवणच्या तलावाकाठी महासीराची पैदास सुरू केली. हे काम उभे केले ते मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी, आणि पुढे शशांक ओगले यांनी. त्या वेळी ते काम सोपे नव्हते. पोटात अंडी पिकलेली मादी नेमक्या दिवशी धरायची, हलक्या हाताने पोट दाबून अंडी ताटात काढायची, त्यात नराचे रेत मिसळायचे, आणि मग ती अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवून डोळ्यांत तेल घालून जपायची. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. मत्स्यजिऱ्यापासून बोटुकलीपर्यंत ती वाढवायची, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून दूरदूर पाठवायची. कुलकर्णींचे लेख सत्तरच्या दशकात मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापून आले आहेत. नाहीसा होऊ लागलेला मासा हजारोंनी, पुढे लाखोंनी तयार होऊ लागला. ज्याला मागणी येई त्या राज्याला बोटुकली जात असे. खुद्री वाचली, असे सगळ्यांना वाटले, आणि एका अर्थाने ते खरेही झाले. जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली ही जात आता त्या रकान्यातून बाहेर आली आहे.

ही बोटुकली कर्नाटकातही गेली आणि कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. महासीर कमी झाला आहे ना, मग महासीर सोडा. पण कावेरीचा महासीर निराळा, भीमेचा निराळा, हा भेद तेव्हा कोणी फारसा मनावर घेतला नाही. घेणार तरी कसा? कुबडाच्या महासीराची ख्याती शंभर वर्षे जुनी, पण शास्त्राच्या वहीत तो नेमका कोण हे कोणी पक्के केलेच नव्हते. आपल्या खुद्रीला १८३९ मध्ये नाव मिळाले. कावेरीचा हा राक्षस म्हणजेच टॉर रेमादेवी, हे ठरले २०१८ साली. त्याच वर्षी त्याची नोंद नाहीसे होण्याच्या अगदी काठावर पोचलेल्यांत झाली.

मधल्या काळात काय घडले ते कळले गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांतून. कावेरीवर गालिबोरे येथे शौकिनांचा तळ होता. मासा धरायचा, मोजायचा, वहीत लिहायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा तिथला नियम. या तळांमुळे सुरुंगाने मासे मारणाऱ्यांवरही वचक राहिला. पूर्वीचे चोरटे शिकारीच वाटाडे झाले. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी अभ्यासकांनी मांडून पाहिल्या, तेव्हा दिसले की वर्षागणिक निळ्या पराच्या खुद्रीचा आकडा चढत गेला आणि कुबडाच्या माशाचा उतरत गेला. म्हणजे पुण्याची माहेरवाशीण कावेरीच्या घरात पाहुणी म्हणून गेली आणि घरधनीणच उंबऱ्याबाहेर पडली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही कारणेही होतीच. सगळा दोष पाहुणीच्या माथी मारणे बरोबर नाही. पुढे अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकण्याला बंदी झाली आणि त्याबरोबर वहीही मिटली. ही बंदी माशाच्या भल्याची झाली की नाही, यावर जाणकारांत आजही दोन तट आहेत. आम्हाला विचाराल तर वही चालू राहायला हवी होती.

डॉ. कुलकर्णींच्या कामाला यात कमीपणा येत नाही. त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो त्यांनी सोडवला. त्यांनी मासा वाचवला. नदी वाचवणे हे एका माणसाचे, एका हौदाचे काम नव्हे. पण आम्हा सगळ्यांची समजूत अशी झाली की मासा वाचला म्हणजे नदीचे देणे फिटले.

ही समजूत आपलीच एकट्यांची नाही. आपल्या मंडळातल्या अनेकांची मुले-नातवंडे सिअ‍ॅटल, पोर्टलंडकडे आहेत. तिकडे गेलो की ती आपल्याला बॅलार्डच्या बंधाऱ्यावरची माशांची शिडी दाखवायला नेतात. पाण्याच्या पायऱ्या केलेल्या, आणि एका बाजूला काचेची खिडकी. आम्हीही तिच्यापाशी पुष्कळ वेळ उभे राहिलो आहोत. त्या नद्यांतला मानाचा मासा स्टीलहेड. उटी-मुन्नारच्या ओढ्यांत इंग्रजांनी आणून सोडलेला ट्राउट आणि हा एकाच जातीचे. फरक एवढाच की स्टीलहेड समुद्रात जातो आणि अंडी घालायला आपल्या नदीत परततो. आपल्या शेजारच्या आंध्रात पुलस असाच समुद्रातून गोदावरीत चढतो, नेमका श्रावण-भाद्रपदात, आणि मंगळसूत्र विकून का होईना पुलस खावी असे तेलुगू लोक म्हणतात. तर अमेरिकनांनीही नद्यांवर धरणे बांधली आणि भरपाई म्हणून हौदांत स्टीलहेड वाढवून सोडले. शंभर वर्षे हे चालले. २००७ साली ओरेगॉनमधल्या हूड नदीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हौदात काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत वंश वाढवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे त्यात निघाले. म्हणून तिकडे हौदातल्या माशाच्या पाठीवरचा एक छोटा पर कापून मग त्याला सोडतात. खोट्या माशीला लागलेल्या माशाचा तो पर शाबूत असेल तर तो नदीचा स्वतःचा. त्याला परत पाण्यात सोडावेच लागते. कावेरीत सोडलेल्या बोटुकलीवर अशी काही खूण केली असती तर हिशेब लवकर लागला असता.

तिकडच्या एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये पाडून टाकली. भिंतीच्या वरच्या बाजूला जवळपास शंभर वर्षे कोंडलेल्या ट्राउटचे वंशज पुन्हा समुद्राकडे जाऊ लागले आणि स्टीलहेड होऊन परतू लागले. कोणी सोडले नव्हते.

खडकवासला पाडा असे आम्ही म्हणत नाही. पुण्याने प्यायचे काय? आपल्यालाही उस्मानसागर आणि हिमायतसागर पाडता येणार नाहीत. १९०८ चा मुशीचा पूर ज्यांनी पाहिला त्या पिढीने विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने ती धरणे मागून घेतली होती; एक १९२० मध्ये झाले, दुसरे १९२७ मध्ये. पण भिंतीखालची मुशी कोरडी पडली आणि मग आपण तिला आपल्या पद्धतीने भरले. चाळीसच्या दशकात महमूद आणि रहिमुल्ला या दोघांनी निजामाच्या संस्थानातल्या माशांची जिल्हावार पाहणी करून छापली होती. तशी पाहणी पुन्हा करायची झाली तर मुशीत शहराच्या खाली काय सापडेल, हे पुलावरून जाताना बसची खिडकी लावून घेणाऱ्या कोणालाही सांगता येईल. मासा म्हटल्यावर हैदराबादला आठवते ते मृगाला नामपल्लीच्या मैदानावर दम्यासाठी गिळायची मरळ, किंवा तलावांत सरकारने सोडलेले रोहू-कटला. ते गंगेकडचे मासे. तलावात ते वाढावेत, कोणाच्या तरी चुलीला आधार व्हावा, त्यात वावगे काही नाही. नदीचा हिशेब निराळा आहे.

मुशी हैदराबादहून नलगोंडा जिल्ह्यात जाते आणि वाडपल्लीला कृष्णेत मिसळते. हा संगम नागार्जुनसागरच्या खाली आहे. त्यामुळे आपण सोडलेले पाणी आपल्या नळाला परत येत नाही. ते खालच्या गावांकडे जाते.