पालकांची सही आणि खानावळीचा खटला

पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हा मी 27 वर्षांची होते. हॉस्टेलचा फॉर्म भरून दिला, तर ऑफिसातून परत आला. पालकांची सही राहिली होती! ते पान गावी बाबांना पाठवलं. आपली मुलगी रॅगिंग करणार नाही, अशी हमी त्यांनी द्यायची होती. बाबांचा लगेच फोन, "अगं, तू कुणाला छळणारेस का तिथे?"

हसून झालं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मतदान करणाऱ्या, स्वतःचा भाडेकरार स्वतः करणाऱ्या माणसाला विद्यापीठ लेकरू का समजतं? इतिहास माझा विषय नाही, माझा दिवस सेंट्रीफ्यूजपाशी जातो. तरी शोधत गेले आणि पोहोचले थेट एका खानावळीत.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेरिया कॉलेज आहे. 1911 साली तिथे नियम होता की कॉलेजच्या ताब्यात नसलेल्या खानावळीत विद्यार्थ्यांनी जायचं नाही. गेलात तर नाव कमी. कॉलेजच्या अगदी समोर गॉट नावाच्या माणसाची खानावळ होती आणि गिऱ्हाईक बरंचसं विद्यार्थ्यांचं. काही मुलांना खरंच काढून टाकलं, धंदा बसला, आणि गॉट कोर्टात गेला. बघा, खटला भरला तो खानावळवाल्याने. मुलांनी नाही!

1913 मध्ये तो हरला. कोर्ट म्हणालं, मुलांचं आरोग्य, वर्तन आणि शिक्षण या बाबतीत कॉलेज आईवडिलांच्या जागी आहे, त्यामुळे घरात बाप जे नियम घालू शकतो ते कॉलेजही घालू शकतं. कायद्यात याला 'इन लोको पेरेन्टिस' म्हणतात. निकाल वाचताना मला एक गोष्ट खटकली आणि थोडी पटलीही. बेरियाची मुलं डोंगराळ खेड्यांतली, गरिबीतून आलेली, छोट्या शहराचीही सवय नसलेली, हे कोर्टाने मुद्दाम लक्षात घेतलं होतं. म्हणजे त्या नियमात काळजीही होती. पण काळजी करणाऱ्याला जाब कोण विचारणार?

त्याला जवळपास पन्नास वर्षं लागली. फेब्रुवारी 1960 मध्ये अलाबामा स्टेट कॉलेजचे काही कृष्णवर्णीय विद्यार्थी मॉन्टगोमेरीच्या कोर्ट-इमारतीतल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. पुन्हा खाण्याचीच जागा! नऊ जणांना कॉलेजातून काढलं. आरोप नीट सांगितला नाही, बाजूही ऐकून घेतली नाही. यातले काही जण कोर्टात गेले आणि 1961 च्या 'डिक्सन' निकालात जिंकले. सरकारी कॉलेजला विद्यार्थी काढायचा असेल, तर आधी नोटीस द्यायची आणि त्याचं म्हणणं ऐकायचं, असं कोर्टाने ठरवलं.

आपल्याकडचा तो फॉर्म मात्र वेगळ्या वाटेने आला. मार्च 2009 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच वर्षी यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम आले आणि त्यांत विद्यार्थ्याबरोबर पालकाचंही प्रतिज्ञापत्र सक्तीचं झालं. हे कळल्यावर बाबांच्या सहीवर पुन्हा हसू आलं नाही. तरी रात्री लॅबमधून परतायला उशीर झाला की घरी फोन करणारी रेक्टर आणि हे प्रतिज्ञापत्र, या दोन्हींना मी एकाच मापाने मोजणार नाही. एकामागे घडलेला मृत्यू आहे, दुसरी निव्वळ बेरियाची सवय.

आता आपलं कसं चालतं ते बघा. हॅन्डबुक कुणी वाचत नाही. नियम कळतात ते सिनियर्सकडून, पळवाटेसकट: रेक्टरची फेरी कधी, मागचं गेट किती वाजता बंद होतं. जुळवून घेणं म्हणतात ते बहुतेक हेच. मीही पहिलं वर्ष असंच काढलं. मग एका मैत्रिणीवर शिस्तभंगाची कारवाई निघाली, तेव्हा आम्ही दोघींनी हॅन्डबुक पहिल्यांदा उघडलं. दंडाची पानं भरपूर होती. आपलं म्हणणं कुठे, किती दिवसांत मांडायचं, याच्या ओळी सापडल्या शेवटच्या पानावर, आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते. त्या रात्री लॅबला सुट्टी देऊन आम्ही उत्तर लिहीत बसलो.