होसकोट्याच्या शिळा आणि आमचे दप्तर

परमुलखात बदली होऊन आलेल्या आम्हां मराठी मंडळींस तेथे मराठ्यांची खूण आढळली की धन्यता वाटते. बंगळूरच्या पूर्वेस पंचवीसएक किलोमीटरांवरील होसकोटे हे असेच गाव. सुगटूरच्या तम्मेगौडाने सुमारे १५९५ मध्ये येथे नवा कोट बांधला, आणि तेच गावाचे नाव झाले. पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १७६८ च्या ऑगस्टात मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला, तो येथेच. इंग्रजी ग्रंथांत हे गाव ‘ऊस्कोटा’ या वेषात दडलेले असते, हे शोधणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

एवढे सांगून आम्ही थांबतो. कारण आमची इतिहासदृष्टी दप्तरात घडली. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली साधने कागदांची होती. येथील प्राचीन साधन शिळा, आणि ती वाचण्याचा उद्योग आरंभिला एका सरकारी अधिकाऱ्याने. बेंजामिन लुईस राइस १८३७ मध्ये बंगळुरातच जन्मला. म्हैसूरच्या शिक्षणखात्यात असता फिरतीवर कोरीव लेख त्याच्या दृष्टीस पडत. पुढे पुराणवस्तुखाते त्याच्याकडे आले. १८८६ ते १९०५ या काळात ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे बारा खंड निघाले, त्यांत लेख सुमारे नऊ हजार. नववा खंड बंगळूर जिल्ह्याचा. त्यात होसकोटे तालुक्यातील कानडी व तमिळ लेखांस क्रमांक मिळाले. क्रमांकाचे मोल कचेरीत जन्म घालविणाऱ्यांस सांगावयास नको. जावक क्रमांक नसलेले पत्र पाठविलेच नाही असे ठरते. तशी नोंद नसलेली शिळा केवळ धोंडा ठरते.

शिळांशी आम्हांस काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याने बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयातील आतकूरचा लेख पाहावा. इसवी सन ९४९ च्या सुमाराच्या त्या लेखात राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा चोळांवरील विजय आहे. शिवाय रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याचे स्मरणही आहे! हा कृष्ण आमच्या महाराष्ट्राचाही सम्राट. त्याच्या काळचे दप्तर कोठून आणणार? शिळा आणि ताम्रपट वगळले तर आमचेच प्राचीन प्रकरण कोरे पडते.

बंगळूरची मिथिक सोसायटी १९०९ ची, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. दोन्ही संस्था त्रैमासिक काढीत आल्या. परंतु एकीचे कानडी लेख आम्ही वाचीत नाही, आणि दुसरीचे मोडी कागद येथील विद्वानांस सहसा उलगडत नाहीत. होसकोट्यास शहाजीराजांपूर्वीचा आणि नंतरचा असा सलग इतिहास हवा, तर बाजारापुरती कानडी शिकलेल्या आमच्यापैकी कोणी लिपीही शिकावी. फिरतीचा भत्ता तर मिळतोच!

मिथिक सोसायटीने २०२१ मध्ये बंगळूर परिसरातील शिळांच्या त्रिमितीय प्रतिमा घेण्याचे काम हाती घेतले. राइसने नोंदलेल्या काही शिळा आता जागेवर नाहीत. त्यांचा मजकूर तेवढा नवव्या खंडात छापलेला आहे.